आभाळाचे पहारेकरी



संघटनेच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. ज्याला बातमी आधी कळते, तो वाचतो. आणि ती उशिरा कळते ती नेहमी उघड्यावर राबणाऱ्याला. आज मी पगाराविषयी नव्हे, आभाळाच्या बातमीविषयी बोलणार आहे.

आपल्या शिरवळला नुसती भुरभुर असते, तेव्हा वर भोरच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि नीरा फुगत असते. वळीव तर एका शिवारात गारा टाकतो आणि शेजारचे कोरडे ठेवतो. वेधशाळेचे रडार दुरून ढग टिपते खरे. पण पृथ्वी गोल असल्यामुळे अंतर वाढेल तसा त्याचा किरण जमिनीपासून उंच जातो. त्याखाली काय चालले आहे, हे पाहायला माणसाचाच डोळा हवा. अमेरिकेत ‘स्कायवॉर्न’ योजनेतील स्वयंसेवक हेच काम करतात, आणि त्यांत हौशी रेडिओचालक पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, मोबाइल असता रेडिओ कशाला? मनोरा बंद पडला की मोबाइल मुका होतो. 26 डिसेंबर 2004 रोजी सुनामी अंदमानावर आदळली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी रेडिओचालक सोबती पोर्ट ब्लेअरला होते. दळणवळण कोलमडले असता त्यांच्या संचांवरून खुशाली मुख्य भूमीवर पोहोचली. यासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. पण 12 वर्षांचे पोरही त्या परीक्षेला बसू शकते.

पहारेकऱ्याचा धर्म एकच : पाहिले तेवढेच सांगावे. गाव कोणते, वेळ काय, ढग कोणत्या दिशेला, गार बोराएवढी की लिंबाएवढी. खोट्या हाकेनंतर खऱ्या हाकेला कोणी धावत नाही. वीज चमकली की आकडे मोजा. दर 3 सेकंदांना 1 किलोमीटर. 30 मोजण्याच्या आत गडगडाट आला, तर काम टाकून पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

आता माझा मुद्दा. हाक वेळेवर आली, पण थांबले तर रोज बुडेल या भीतीने वीटभट्टीवरची बाई उन्हापावसात उभीच राहिली, तर त्या हाकेचा उपयोग काय? म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. घाटमाथ्यापासून नीरेकाठापर्यंत गावोगाव परवानाधारक पहारेकरी असावेत. आणि हाकेसरशी थांबलेल्या कामाची मजुरी कापली जाऊ नये. पहिली गोष्ट आपल्या हातची आहे, ती आपण करू. दुसरीसाठी भांडू.