मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा आहार आणि पूरक औषधे : एक सावधगिरीचा विचार
(व्याख्यानाचा सारांश)



आईने मुलाला किंवा पत्नीने पतीला आपले मूत्रपिंड द्यावे, याहून मोठे दान ते कोणते? बीड जिल्ह्यातील कुटुंबे या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे वा मुंबई गाठतात, शेत-दागिने गहाण टाकतात आणि रुग्णाला नवे आयुष्य घेऊन घरी आणतात. खरी कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते.

१९५४ साली बोस्टन येथे पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे शरीराने तो अवयव परका मानला नाही. इतर सर्वांच्या बाबतीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडावर चालून जाते. तिला आवर घालण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे नवे मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत घ्यावी लागतात. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण फार काटेकोर असते. ते घटले तर शरीर अवयव नाकारते. वाढले तर त्याच औषधाने मूत्रपिंडाला इजा होते.

येथेच पूरक औषधांचा धोका उभा राहतो. भेटीस आलेले आप्त प्रेमापोटी 'शक्तीसाठी' चूर्ण, काढा, डबाबंद पावडर आणतात. परंतु 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून जे विकले जाते, ते या रुग्णाच्या उपचाराच्या नेमके उलट दिशेचे असते. २००० साली झुरिच येथील दोन हृदय-प्रत्यारोपित रुग्णांची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. मन प्रसन्न राहावे म्हणून त्यांनी 'सेंट जॉन्स वर्ट' ही वनस्पती घेतली. तिने सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण घटवले आणि शरीर हृदय नाकारू लागले. वनस्पती थांबवताच प्रमाण पूर्ववत झाले. याउलट ग्रेपफ्रूट व पपनस या फळांनी टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढू शकते. 'वनस्पतिजन्य' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे, हा याचा बोध.

घरातील इतर वस्तूंचाही विचार करावा. 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे शरीरात ऑक्झलेट बनते व ते मूत्रपिंडात साचू शकते. व्यायामशाळेतील क्रिएटिनच्या पावडरीने रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा वाढून निदानात घोटाळा होतो. टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम आधीच वाढण्याकडे कल असतो. त्यात नारळपाणी वा पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचे मीठ' यांची भर तपासणीशिवाय घालू नये. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशकाने मायकोफेनोलेटचे शोषण कमी होते.

मग पूरक औषधे वर्ज्यच काय? तसे नाही. प्रेडनिसोलोनने हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व. टॅक्रोलिमसने मॅग्नेशियम घटते, म्हणून तेही डॉक्टर तपासणीअंती देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रथिनांची गरज वाढते. ती मूग, तूरडाळ, घरचे ताजे दही, उकळलेले दूध यांतून आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने भागवता येते. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काची कॅप्सूल वेगळी, हा विवेक ठेवावा.

आपल्या समाजासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. टॅक्रोलिमसच्या नेहमीच्या गोळ्यांच्या दोन मात्रांत बारा तासांचे अंतर लागते. आपल्या भागात हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यामुळे नवकारसी व चौविहार दोन्ही पाळून ते अंतर साधत नाही. शिवाय निर्जळ उपवासाने, विशेषतः बीडच्या उन्हाळ्यात, मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा घटतो. पच्चक्खाणात रुग्णावस्थेसाठी आगार आहेतच. गुरुमहाराज व डॉक्टर, दोघांनाही विचारून नियम ठरवावा. मनात अपराधभाव ठेवून गोळी चुकवू नये.

शेवटी तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. कोणतीही नवी गोळी, चूर्ण वा काढा प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. जे काही घेतले जाते, आयुर्वेदिक असो वा अन्य, ते न लपवता सांगावे. ताप, लघवी कमी होणे, पायांवर सूज वा अचानक वजनवाढ दिसल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

दात्याने एकदाच दिलेले हे दान पुन्हा मागता येत नाही. त्याचे जतन करणे हीच त्या दात्याप्रती खरी कृतज्ञता होय.