शेतात नेण्याच्या मोबाईलसाठी पिशवी



आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाईल हे विळ्या-खुरप्यासारखे शेतातले अवजार झाले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा, तेव्हा सातबाऱ्यावर नोंद होते. शिवारात रेंज नसली, तर पाठवीपर्यंत ही नोंद फोनमध्येच राहते. तेवढ्यात फोन भिजला तर फोन जातो आणि नोंदही जाते. सदऱ्याच्या खिशातला फोन तर विहिरीत वाकले की गेलाच म्हणून समजा.

यासाठी ताडपत्रीची पिशवी शिवून घ्यावी. पुंडलिकनगरात काय किंवा तुमच्या बाजारच्या गावी काय, बॅगा शिवणारा कारागीर हे काम सहज करील.

माप असे घ्यावे. साधारण १६ सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद फोनसाठी ४८ सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद अशी एकच अखंड पट्टी कापावी. ती दुमडून दोन्ही बाजूंनीच शिवावी. तळाला शिवण नको, कारण सुईच्या भोकांतून पाणी झिरपते. बाजूच्या शिवणीवर मेणबत्ती घासावी. झाकण तोंडावरून खाली १० सेंटिमीटर यावे; त्याला टिचबटण लावावे. आत अर्धा सेंटिमीटर जाडीचा स्पंज घालावा, तळाशी दुहेरी. फोन बहुधा कोपऱ्यावर आपटतो.

ताडपत्री पांढरी किंवा फिकट घ्यावी. काळी उन्हात तापते. ३५ अंशांपुढच्या हवेत फोन वापरू नये असे अनेक कारखानदारच सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो! म्हणून पिशवी सावलीत ठेवावी. पिशवीत ठेवून फोन चार्ज करू नये.

आता तुम्ही म्हणाल, खताच्या रिकाम्या गोणीची पिशवी का नको? गोणीत राहिलेला युरिया हवेतली ओल ओढतो, ती फोनला बाधते. औषधाची पिशवी तर मुळीच वापरू नये. फवारणीच्या वेळी फोन बांधावर ठेवावा, हात साबणाने धुऊनच उचलावा.

पिशवी गळ्यात अडकवू नये. मळणी यंत्राच्या पट्ट्यात दोरी गुंतली तर जिवावर बेतेल. मागे पट्टी लावून ती कमरेला बांधावी.

फोन ठेवण्यापूर्वी पिशवीची परीक्षा घ्या. आत कोरा कागद ठेवून झाकण लावा, वरून दोन तांबे पाणी ओता. कागद कोरडा निघाला तरच पिशवी पास.

एवढे करूनही फोन भिजलाच, तर लगेच बंद करावा. चार्जिंगला लावू नये, चुलीजवळ किंवा तांदळात ठेवू नये. पुसून, वारा लागेल अशा सावलीत वाळवावा.

आणि रेंजमध्ये आलात की पहिले काम, नोंद पाठवा.