ग्लिसरीनची ओळख



मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. चळवळीत राहून जे वाचले ते सांगतो. गुळाची ढेप फोडून खडा जिभेवर ठेवला, की आपल्या कोल्हापूरकराला माल कळतो. ग्लिसरीनपुढे मात्र जीभ फसते. डायएथिलीन ग्लायकॉलही तसेच गोड, दाट, रंगहीन; पण ते मूत्रपिंडे निकामी करते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

ओळखीची जुनी रीत सोपी आहे. पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवले, की ग्लिसरीन डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास सोडते. पण भेसळीतही ग्लिसरीन असतेच, तेव्हा वास येणारच! 'हे ग्लिसरीन आहे काय?' एवढ्याने भागत नाही. 'यात आणखी काय आहे?' हेही विचारावे लागते. त्याला क्रोमॅटोग्राफी हवी. तिच्यात लेप दिलेल्या काचपट्टीवर दोन द्रव्यांचे डाग वेगवेगळे उमटतात.

आणि तपासणार कोण? केमिस्ट, म्हणजे पगारी नोकरच. 'हे पिंप परत पाठवा' असे त्याने लिहिले, तर त्याला कामावरून काढता येणार नाही, हे कलम आपण करारात घालून घेतले पाहिजे.