आज्याचा नंबर शोधा

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. स्तंभापुढं मान झुकवतो. १८१८ च्या त्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्या ४९ जणांची नावं तिथं दगडात कोरली आहेत. त्यातली २२ नावं 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे आपली. बाबासाहेब १९२७ साली तिथं गेले. ते २२ जण आपल्याला पाठ. पण तुमच्या स्वतःच्या घरातून पलटणीत गेला तो कोण? त्याचा नंबर काय? कुठल्या बटालियनीत होता? भरती कधी झाला, सुटला कधी? हात वर करा. बघा, शंभरात चार हात नाहीत.

याला कारण आहे. वाड्यातल्या माणसाकडं सनद असते, बखर असते, तीर्थावरच्या भटाच्या वहीत सात पिढ्या असतात. आपली वंशावळ लिहायला कोण बसलं होतं? गावानं आपल्याला लिहिलं ते वेठीच्या हिशोबात. माणूस म्हणून आपल्या आज्याचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, छाती, अंगावरची खूण पहिल्यांदा लिहिली ती पुष्कळ घरांत पलटणीच्या कारकुनानं. लिहिली ती साहेबाच्या गरजेसाठी. त्याला बंदूक उचलणारा हात पाहिजे होता. गरज सरली तेव्हा 'लढवय्या जाती'चा सिद्धांत काढून १८९२ च्या सुमारास आपली भरती बंद केली. हे विसरू नका. साहेबाच्या कागदाची आरती करायला मी उभा नाही. पण कागद आपल्या बापाचा आहे, तो ताब्यात घ्या.

आपल्या चळवळीची सुरुवातच बघा. गोपाळबाबा वलंगकर पेन्शनर शिपाई. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, १८९४ साली भरती पुन्हा उघडा म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला अर्ज धाडला. हे लोक दयेची भीक मागत नव्हते, आपल्या माणसांनी केलेल्या नोकरीचा दाखला पुढं करत होते. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत मास्तर होते. त्या पलटणीच्या छावणीत, महूला, बाबासाहेब जन्मले. पलटणीनं आपल्यात पहिली लिहिती-वाचती पिढी काढली. म्हणून हा कागद शोधायचा.

आता कामाचं ऐका. वही काढा.

आधी घर धुंडाळा. सुटताना शिपायाला डिस्चार्ज बुक मिळतं. ते आजीच्या पेटीत, फोटोच्या मागं, पत्र्याच्या डब्यात असतं. पेन्शन असेल तर पेन्शनच्या हुकुमाचा कागद असतो. पहिल्या महायुद्धातलं पदक असलं तर त्याची कड बघा, तिथं नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. चांदीचं आहे म्हणून सोनाराकडं मोडू नका. काशाचं असलं तरी फेकू नका. बिगारी आणि हमाली पथकांतल्या माणसांना काशाचं दिलं होतं. त्यांनीसुद्धा त्या युद्धात हाडं मोडली.

मग काळ ठरवा. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी केली आणि १९२१ साली मोडली. सध्याची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला सुरू झाली. मधल्या वीस वर्षांत आजा 'महार पलटणीत' होता असं घरात सांगत असतील, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी पथकात असणार. आणि युद्धकाळातसुद्धा आपले लोक एकाच रेजिमेंटीत नव्हते. तेव्हा नीट विचारा. आज्याच्या तोंडी कुठल्या छावणीचं नाव यायचं? कामठी? देवळाली? नौशेरा?

कागद असतो त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात, सागरला आहे. शिपायाची सगळी नोकरी ज्यात लिहिलेली असते त्याला शीट रोल म्हणतात. इथं मेख आहे. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचा शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करायचा, असा लष्कराचा नियम आहे. युद्ध संपल्यावर १९४६-४७ ला ज्यांना घरी पाठवलं ते बहुतेक बिनपेन्शनी. कळलं? पण 'लाँग रोल' नावाचं रजिस्टर कायम ठेवतात. त्यात नंबर, नाव, भरती आणि सुटका एवढं तरी सापडतं. म्हणून अर्जात नुसतं "रेकॉर्ड द्या" लिहू नका. "शीट रोलची नक्कल द्या, तो नसल्यास लाँग रोलमधला उतारा द्या" असं लिहा. नातं दाखवायला मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड जोडा.

उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही माफ. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर अपील. २०२३ च्या कायद्यानं खाजगी माहितीचं कलम आवळलंय, म्हणून वारस असल्याचा पुरावा इथंही जोडा.

नावाचा घोळ होणारच. शिपाई भरती झाला तेव्हा आडनाव नव्हतं, नुसतं 'अमुकनाक'. पुढं गावाला 'कर' लावून आडनाव झालं. कारकुनानं इंग्रजीत कानाला आलं तसं लिहिलं. तर तहसिलात जा, कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४ मागा. त्यात बापाचं नाव आणि जात असते. ती नोंद आणि पलटणीची नोंद शेजारी ठेवा, माणूस सापडतो.

आमच्या घरातलंच सांगतो. आज्याचं पत्र घेऊन मी एका कचेरीत गेलो. बाबू म्हणाला, "मेलेल्या माणसाचं आता काय करणार?" मी म्हणालो, "साहेब, तुम्ही दर वर्षी श्राद्ध घालता ते कुणाचं?" टेबलाभोवतीचे हसले, अर्जावर शिक्का बसला.

आणि हे नुसतं मेलेल्याचं काम नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा मानधन देतं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायचा. कुठल्या तरी वस्तीत नव्वदीची म्हातारी लेकाच्या दारात बसून असेल, तिचा हक्क एका नंबरावाचून अडला असेल. तिला आधी गाठा.

युद्धात मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाकडं फुकट बघायला मिळतात. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. २०२१ साली त्याच आयोगाच्या अहवालानं कबूल केलं, की पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या किमान १ लाख १६ हजार माणसांची, मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि मध्यपूर्वेतल्या, नावानिशी नोंदच केली नाही. काळ्या माणसाच्या थडग्यालाही वेगळी पंगत! तिथं नाव नाही म्हणून आपला माणूस मेलाच नाही, असं होत नाही.

शेवटचं. कागदात जे निघेल ते लपवू नका. शिक्षा झाली असेल, पळून आला असेल, तेही वाचा. पळून का आला ते म्हाताऱ्यांना विचारा. आपल्याला देव्हाऱ्यात बसवायला शूरवीर नकोत, हाडामांसाचा आजा पाहिजे. लाचारीनं गेला, पोटासाठी गेला, गावकीच्या तावडीतून सुटायला गेला. सगळं खरं आहे, सगळं लिहा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एक नंबर घेऊन यायचं. नंबर नाही मिळाला तर निदान एका म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून आणायचं. म्हातारी माणसं थांबत नाहीत, आणि रेकॉर्ड जाळणारा नियमही थांबत नाही.

जयभीम.