पायांखालचं जुनं स्टूल
(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं, मी मुदत ठेवी किंवा नॉमिनेशनवर बोलेन. ते आपण दरवर्षी ऐकतोच. आज मी बोलणार आहे पाय ठेवायच्या जुन्या स्टुलाबद्दल. हसू नका. आपल्यापैकी निम्म्या लोकांना त्याची गरज आहे, आणि उरलेल्यांना लवकरच लागणार आहे.

आधी एक कबुली देतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा नवा सोफासेट घेतला. वडिलांचं एक बुटकं सागवानी स्टूल होतं. त्यांच्या आरामखुर्चीपुढे ते वर्षानुवर्षं असायचं. नव्या हॉलमध्ये ते शोभेना, म्हणून मी ते भंगारवाल्याला चाळीस रुपयांना देऊन टाकलं. पुढे महिन्याभराने लक्षात आलं, की आईचे पाय सोफ्यावरून जमिनीला टेकतच नाहीत. ती अंगाने लहान, सोफा उंच. तिने दोन जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या एकावर एक ठेवल्या आणि त्यावर पाय ठेवून बसू लागली. शेवटपर्यंत तशीच बसली. स्टुलाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर पहिला मुद्दा हा, की स्टूल वस्तू म्हणून निवडू नका, माणूस बघून निवडा. पाय अधांतरी राहिले की मांडीच्या मागच्या बाजूला खुर्चीची कड रुतते, पायाला मुंग्या येतात. अशा माणसाला तीन ते पाच इंच उंचीचं स्टूल पुरतं. ज्यांना पाय लांब करून बसायचं आहे, त्यांचं स्टूल खुर्चीच्या बैठकीपेक्षा इंच-दोन इंच खाली हवं. बैठक मोजायची ती माणूस बसल्यावर, कारण गादी दबते. बाजारात जाताना खिशात टेप ठेवा आणि ही दोन मापं कागदावर लिहून न्या. पायाला सूज येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तिथे स्टूल हा उपाय नव्हे.

आपल्या जुन्या घरांत पायाखालचं स्टूल फारसं का सापडत नाही, हेही सांगतो. आपण जमिनीवर बसणारी माणसं. पाट जेवायला आणि लग्नाला, चौरंग देवाला. खुर्ची आली, आरामखुर्ची आली, तेव्हा तिच्यामागून हे स्टूल आलं. म्हणून कोणी सावंतवाडीचा सुरेख लाखकामाचा चौरंग दाखवून 'पाय ठेवायला छान आहे' म्हणालं, तर घेऊ नका. घरात कोणाला तरी ते खटकेल, आणि रंगकामही पायाखाली टिकणार नाही.

आता तपासणी. बँकेत तारण घेताना आम्ही वस्तूची पुढची बाजू शेवटी बघायचो. स्टुलाचंही तसंच. पहिल्यांदा उलटं करा. पंचावन्न-साठ वर्षांचा असताना मी हे केलं नाही आणि फसलो. पत्नीच्या गुडघ्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा एका जुन्या सामानाच्या दुकानातून 'शंभर वर्षांचं शिसवी' स्टूल साडेसहा हजारांना आणलं. घरी आणून उलटं केलं, तर खाली प्लायवूड, आणि त्याला अधिकच्या खुणेचे स्क्रू. असा स्क्रू 1930च्या दशकातला शोध आहे. एखादा असेल तर नंतरची दुरुस्ती म्हणता येईल. सगळेच तसे असतील तर शंभर वर्षं विसरा.

खालच्या बाजूला आणखी काय बघायचं? सांधे. जुन्या कामात पायाला भोक पाडून आडव्या पट्टीची जीभ त्यात बसवलेली असते, आणि वरून लाकडाची खुंटी मारलेली असते. करवतीच्या खुणा गोलाकार असतील तर मशीन. झीज सगळीकडे सारखी असेल तर शंका घ्या. माणसाचे पाय पुढच्या कडेवर जास्त घासतात, मागे कमी. साग जरासा खरवडला की चामड्यासारखा वास येतो. शिसव सागापेक्षा जड असतं. दोन्ही हातांत धरून जिवावर तोलून बघा.

मग कीड. बारीक भोकं जुनी असली तर घाबरायचं कारण नाही. पण स्टूल काळ्या कागदावर दोन-तीन दिवस ठेवा. पिठासारखी भुकटी पडली तर कीड आत जिवंत आहे. असं स्टूल घरात घेतलं की शेजारचं कपाटही जाईल. आधी उपचार, मगच प्रवेश.

वेताची वीण सुंदर दिसते, पण ती पायांसाठी, उभं राहायला नव्हे. पंख्याचं जाळं काढायला आपण त्यावर चढणार नाही, हे स्वतःला बजावून घ्या. हाडं आता जुनी झाली आहेत. आणि गडद रंगाचं स्टूल गडद फरशीवर किंवा पॅसेजमध्ये ठेवू नका. रात्री उठताना अडखळायला होतं. वापरून झालं की खुर्चीखाली सरकवायचं.

पॉलिशची घाई नको. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खालच्या कोपऱ्यात लावा. थर मऊ झाला तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश, ते पुन्हा हाताने चढवता येतं. जुना तेलरंग असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि घरात नातवंडं असतात. रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून आली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये.

ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. शंभर वर्षांवरची लाकडी कारागिरी 1972च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचं स्टूल अमेरिकेला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जुनं घ्यायचंच असेल तर मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहे, जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे, पुण्यात जुना बाजार आहे. सकाळी जा, उजेडात बघा. वय विचारू नका, ते विक्रेता सांगेल तेवढंच. स्टूल जमिनीवर ठेवा, हाताने दाबून हलतं का बघा, आणि खुर्चीवर बसून पाय ठेवून बघा. पाय सुखावला तर वय पन्नास असो की शंभर.

पण बाजारात जायच्या आधी स्वतःच्या माळ्यावर बघा. आपल्या इमारतीत आता घरोघरी नूतनीकरण चालू आहे. दर महिन्याला कोणाचं तरी सामान खाली कंपाउंडमध्ये येतं आणि संध्याकाळपर्यंत टेम्पोत जातं. माझी समितीला एकच विनंती आहे. लाकडी वस्तू काढायची असेल तर सभासदाने आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावावी. कोणाच्या तरी आईचे पाय जमिनीला टेकत नसतील.

चाळीस रुपये माझ्याकडे आले, पण हिशोब काही जुळला नाही. तुमचा चुकू नये, एवढंच.