मुलांच्या अर्जावर सही कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा सारांश)



पर्यावरण आणि आपली तरुण पिढी या विषयावर मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. हा विषय निघाला की घराघरांतून एक वाक्य ऐकू येते : "आधी दहावी पास हो, मग जग सुधार." हे वाक्य मायेपोटी येते, हे मला मान्य आहे. पण ते बरोबर आहे का, हे आज तपासून पाहू.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. म्हणजे हे धडे आपणच मुलांच्या दप्तरात घातले. आता मुलांनी धडा खरा मानला आणि प्रश्न विचारले, तर त्यांचं काय चुकलं?

ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनची पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग हातात फलक घेऊन तिथल्या संसदेपुढे एकटीच बसली. वर्षभरात जगभरची लाखो मुले रस्त्यावर आली. हे आपण टीव्हीवर पाहिले. पण काही मुले रस्त्यावरून पुढे कोर्टाच्या पायरीपर्यंत गेली, त्यांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

उत्तराखंडच्या रिधिमा पांडेने २०१७ साली, अवघ्या नवव्या वर्षी, राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका केली. तिच्या राज्याने २०१३ चा महापूर सोसला होता. अज्ञान मुलाला एकट्याने दावा लावता येत नाही, म्हणून याचिका पालकामार्फत गेली. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने ती फेटाळली. पोरगी थांबली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटासह १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली, त्यांत रिधिमाही होती. आधी त्या देशांतल्या न्यायालयांत जायला हवे होते, असे सांगून समितीने २०२१ साली तक्रार दाखल करून घेतली नाही. मात्र एका देशाच्या धुराने दुसऱ्या देशातल्या मुलाचे नुकसान होत असेल, तर पहिल्या देशाला हात झटकता येणार नाहीत, हे समितीने मान्य केले. हरलेल्या अर्जातूनही एवढे पदरात पडले.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात तर मुले जिंकली. त्या राज्याच्या १९७२ च्या संविधानात स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. तरीही प्रकल्प तपासताना हवा तापवणाऱ्या वायूंचा विचारच करायचा नाही, असा तिथे कायदा होता. मार्च २०२० मध्ये १६ मुलामुलींनी त्याविरुद्ध दावा लावला. जून २०२३ मध्ये त्यांच्यातली कित्येक मुले स्वतः साक्षीला उभी राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्या १६ जणांत दावा लावताना अठरा वर्षे पूर्ण झालेली एकटी रिकी हेल्ड होती, म्हणून खटला तिच्या नावाने ओळखला जातो. बाकीच्यांसाठी घरच्या मोठ्या माणसांना पुढे यावे लागले.

आता आपल्या मुंबईकडे या. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायदा शिकणाऱ्या मुलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती.

इथे बसलेल्या आयाबायांच्या मनात काय आलं, ते मी ओळखतो. "पोराच्या नावावर केस लागली, तर नोकरीच्या वेळी पोलीस चौकशीत काय सांगायचं?" ही भीती खोटी नाही. आरेतल्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली, पण प्रत्येकाच्या नशिबी तसे असेलच असे नाही. ज्याच्या घरात पहिलाच मुलगा कॉलेजात गेला आहे, त्याला ही किंमत जास्त पडते. म्हणून मी मुलांना घरी बसवा असे म्हणत नाही. मुलांना एकटे सोडू नका, असे म्हणतो.

संविधानाचे कलम ५१-क वाचा. जंगले, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. कर्तव्याला वयाची अट नाही. मताला मात्र अठरा वर्षांची आहे. ज्याला मत नाही त्याच्या हाती अर्ज, पत्र आणि साक्ष एवढेच उरते. आणि न्यायालयातल्या अर्जावर मोठ्याची सही लागते.

तेव्हा आपल्या वस्तीतल्या मुलांना एक वही द्या. नाल्यात रसायन कधी येते, कचरा कुठे जळतो, कोणाचे मूल खोकते, हे तारीखवार लिहू द्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मजकूर मुलांनी लिहावा, सही आपण करावी. साहेबाने दम दिला तर तो आपल्याला देईल, पोराला नाही.

मुले आपल्याकडे पैसे मागत नाहीत. ती सही मागताहेत. तेवढी द्या, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम. नमो बुद्धाय.