घरगुती खेळयंत्राचा प्रवासी अवतार



घरांतील मुलगा एखादें यंत्र उघडूं लागला, म्हणजे आपला पहिला उद्गार बहुधा “हात लावूं नकोस” असाच असतो. आज ज्या छंदाविषयीं मी बोलणार आहें, तो या उद्गाराच्या अगदीं उलट टोकाला उभा आहे. दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाचें व्हिडिओ-गेमचें घरगुती यंत्र उघडावयाचें, त्यांतील आवश्यक तेवढेंच ठेवावयाचें, आणि पडदा, बटनें व बॅटरी यांसह तें दोन हातांत मावेल अशा पेटींत स्वतः बसवावयाचें, असा हा छंद आहे. सुजाण कुटुंबानें अशा उद्योगाला घरांत जागा द्यावी कीं नाहीं, हा माझा आजचा विषय.

अमेरिकेंत १९७२ सालीं ‘मॅग्नाव्हॉक्स ऑडिसी’ हें पहिलें घरगुती खेळयंत्र विक्रीस आलें. १९७७ सालीं अटारी कंपनीनें आणलेलें यंत्र पुढें ‘अटारी २६००’ या नांवानें प्रसिद्ध झालें. आपल्या शहरांतून १९९० नंतरच्या दशकांत कार्ट्रिज घालून खेळावयाचीं जीं यंत्रें घरोघर दिसूं लागलीं, त्यांतलीं बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ या जपानी यंत्राच्या नकला होत्या. या सर्वांचें एक गृहीत समान होतें: भिंतींत वीज आहे आणि समोर दूरचित्रवाणीचा संच आहे. हें गृहीत काढून घेतल्यावर यंत्र कसें चालवावें, हा या छंदांतील खरा प्रश्न होय.

कंपन्यांनींही तो सोडविला होता. सेगा कंपनीचें १९९५ सालचें ‘नोमॅड’ हें तिच्याच घरगुती यंत्राचीं कार्ट्रिजें हातांतल्या हातांत चालवी. परंतु २००० सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानच्या बेंजामिन हेकेनडॉर्न या गृहस्थांनीं कारखान्याच्या साहाय्यावांचून ‘अटारी २६००’ हातांत धरतां येईल असें करून दाखविलें. २००५ सालीं त्यांनीं या विद्येवर पुस्तकही लिहिलें. त्यांच्या मागोमाग देशोदेशींचे हौशी कारागीर या वाटेनें गेले.

या अटारीचें अंतरंग पाहण्यासारखें आहे. त्यांत मुख्य चिप तीनच. एक आज्ञा पाळते. दुसरी चित्र व ध्वनि निर्माण करते. तिसरी स्मरण, कालमापन आणि बटनांची दखल हीं कामें सांभाळते. स्मरणशक्ति अवघी १२८ बाइट, म्हणजे रोमन लिपींतील १२८ अक्षरांपुरती! मोठ्या पेटींत बरीचशी पोकळीच असते. चित्राचें रूपांतर दूरचित्रवाणीच्या वाहिनीवर दिसेल अशा लहरींत करणारा एक भाग असतो. लहान पडदा थेट तारांनीं जोडल्यावर त्याची गरज उरत नाहीं. असें एकेक अंग तपासून, “तूं नसलास तर काय अडेल?” हा प्रश्न त्याला विचारावा लागतो. ज्याला याचें उत्तर देतां आलें, त्याला तें यंत्र समजलें.

पुढचा प्रश्न विजेचा. अटारीला बाहेरून ९ व्होल्टची वीज मिळते, पण चिपांना हवे असतात ५ व्होल्ट. उरलेले ४ व्होल्ट आंतला नियंत्रक उष्णतेच्या रूपानें उधळतो. प्रवाह अर्धा अँपियर धरला, तर एकूण साडेचार वॅटपैकीं दोन वॅट नुसती उष्णता! भिंतींतल्या विजेला हा अपव्यय परवडतो. बॅटरीला परवडत नाहीं. म्हणून तेथें काटकसरी ‘स्विचिंग’ जातीचा नियंत्रक बसवितात. समजा, पडद्यासह यंत्राला ५ वॅट लागतात. ३.७ व्होल्टचे व २.५ अँपियर-तासांचे दोन लिथियम सेल घेतले, तर साडेअठरा वॅट-तास शक्ति मिळते. गळती वजा जातां खेळ तीन तासांवर चालतो. गुणाकार-भागाकाराचें हें गणित वर्गांत मुलांना नीरस वाटतें. येथें उत्तर चुकलें तर खेळ मध्येंच बंद पडतो, म्हणून मुलगा तें आपण होऊन दोनदां तपासतो.

आतां धोक्याविषयीं. लिथियम सेलला भोंक पडलें, त्याचीं टोकें एकमेकांस भिडलीं, किंवा तो मर्यादेबाहेर भरला गेला, तर तो पेट घेऊं शकतो. त्यावर थेट डाख देऊं नये. जोडपट्ट्या बसविलेला सेल घ्यावा आणि संरक्षक सर्किट कधींही वगळूं नये. डाख देतांना खिडकी उघडी असावी व वडील माणूस जवळ असावें. जुन्या संचाची कांचेची चित्रनळी तर उघडूंच नये. वीज बंद केल्यावरही तींत प्राणघातक दाब शिल्लक राहूं शकतो.

दुसरी जबाबदारी यंत्राविषयींची. हीं जुनीं यंत्रें आतां पुन्हां व्हावयाचीं नाहींत. जें धड आहे तें कापूं नये. पेटी फुटलेलें, पण सर्किट जिवंत असलेलें यंत्र शोधावें. पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. काम करतांना एका वेळीं एकच बदल करावा आणि लगेच यंत्र चालवून पाहावें. चार बदल एकदम केले, तर दोष कोठें शिरला हें कळत नाहीं.

कोणी म्हणेल, शेंकडों जुने खेळ चालविणारें तयार यंत्र बाजारांत स्वस्त मिळतें, मग हा खटाटोप कशाला? नुसतें खेळावयाचेंच असेल, तर तें खुशाल विकत घ्यावें. पण विकत घेतलेल्या यंत्रापुढें आपण गिऱ्हाईक असतों. स्वतः जुळविलेल्या यंत्राचे आपण जाणते असतों. या जाणतेपणाचें फळ खेळापुरतें राहत नाहीं. याच हेकेनडॉर्न यांनीं पुढें एकाच हातानें चालवितां येईल असें खेळनियंत्रक घडविलें, आणि एक हात निकामी असलेल्यांना खेळांत भाग घेतां आला. यंत्राची रचना माणसाच्या सोयीप्रमाणें बदलतां येते, ही दृष्टि त्यामागें आहे.

म्हणून माझें पालकांना सांगणें इतकेंच आहे: मुलानें स्क्रू-ड्रायव्हर मागितला तर एकदम नकार देऊं नका. कोणतें यंत्र, कोणती वीज आणि कोणता भाग कां काढावयाचा, हे तीन प्रश्न त्याला विचारा. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर टेबलावरील एक कोपरा त्याला मोकळा करून द्या, आणि शेजारीं आपणही बसा.